दातवालीची शेकोटी

मी घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवतो. या कामात माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. ज्या घरात पाऊल टाकावं तिथे पहिल्या पाच मिनिटांत कुणाला तरी दटावावं लागतं. सिलिंडर असलेल्या घरात उघडी ज्योत नको. काडी नको, मेणबत्ती नको, सिगारेट नको, आणि 'अहो, एकदाच' तर मुळीच नको. लोक नंदीबैलासारखी मान डोलावतात आणि माझी पाठ वळली की मनाला येईल ते करतात. एका घरी आजोबांच्या नाकात नळी आणि बोटांत सिगारेट बघून मी घरच्यांवर ओरडलो, तर आजोबा म्हणाले, "पेटवलीय कुठे? नुसती धरलीय."

त्यामुळे दातवालीच्या घरी पहिल्यांदा गेलो आणि तिथे एकही काडेपेटी सापडली नाही, तेव्हा मला आनंदाऐवजी संशय आला. शेगडी विजेची, पाणी तापवायला वीज, लायटरसुद्धा नाही.

"आईंना ऑक्सिजन लागला म्हणून सगळं काढून टाकलंत का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं झाली. या घरात आग पेटत नाही."

मी सिलिंडर उभा केला, साखळीने भिंतीला बांधला आणि निघालो. दारावरचा दिवा भर दुपारी जळत होता. तो बंद करायला हात वर केला, तर ती मागून म्हणाली, "राहू द्या. तो बंद करत नाही आम्ही."

तिला दातवाली म्हणायचे ते तिच्या कामामुळे. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे, आणि त्या मापावरून कवळी करायची ती. दोन जिने चढून एक लांबट खोली होती, तिथे चार माणसं खिडकीकडे तोंड करून मेण, प्लास्टर आणि छोटी ज्योत घेऊन बसायची. त्यांत सगळ्यांत जुनी ही. वय बावन्न. चष्मा कायम कपाळावर, नखांत प्लास्टर, आणि बोलताना नजर समोरच्याच्या डोळ्यांवर नाही तर दातांवर. मला पहिल्या भेटीत म्हणाली होती, "तुमचा वरचा सुळा पुढे आलाय. म्हणून तुम्ही रागावल्यासारखे दिसता." मी रागावलेलाच असतो, हे तिला कोण सांगणार!

तिच्या हातची कवळी कधी परत आली नाही म्हणे. ती एकेक दात तीनदा बघायची. नियम म्हणजे नियम. एकच काम मात्र ती करत नसे. धातूची पट्टी ओतली की लालभडक साचा चिमट्याने उचलून पाण्यात बुडवतात, त्याचा मोठा 'छस्स' होतो. ती वेळ आली की दातवाली उठून जिन्यात जाऊन उभी राहायची. तीस वर्षं तिथे काम करून! मालक हसायचा आणि तिच्या वाटचं बुडवून टाकायचा.

आणखी एक. मला सगळी घरं 'दादा' म्हणतात. शेंबड्या पोरापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळी. ही मात्र 'अहो सिलिंडरवाले'. मला राग यायचा. शिष्ट आहे, असं मी घरी बायकोला सांगितलंही होतं. कारण कळलं तेव्हा जीभ चावली.

कारण मला तिच्या आईकडून कळलं. आजी ऐंशीच्या. अंग मूठभर, पण जीभ शाबूत आणि दात तर गावात कुणाचे नसतील इतके सुंदर, लेकीच्या हातचे. खिडकीपाशी खुर्ची, नाकात नळी. मी जायचो ती वेळ दिवस मावळायची. सिलिंडरचा काटा बघत मी वाकलेला असायचो आणि आजी विचारायच्या, "धूर येतोय का हो?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सिलिंडर तसाच सोडून उठलो. मी सगळ्या खोल्या हुंगून आलो. "नाही आजी, कसलाच धूर नाही."

"मग विझली वाटतं," आजी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दर फेरीला हेच. धूर येतोय का? नाही. मग विझली वाटतं. ते ऐकताना त्या खोलीत आपण तिघांपेक्षा जास्त आहोत असं वाटायचं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, पण त्या घरातून निघताना मी कधी मागे वळून बघितलं नाही, हे कबूल करतो.

एका फेरीला दातवाली कामावरून यायला उशीर झाला, तेव्हा आजींनी सगळं सांगितलं. दम खात, तुकड्यातुकड्याने.

दरवर्षी हे चौघे तळ्याकाठी तंबू ठोकून चार दिवस राहायचे. आईवडील, चौदा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची ही. मुलगा म्हणजे हिचा दादा. शेवटच्या संध्याकाळी शेकोटीवर तो सगळ्यांसाठी गोड करायचा. काडीला मार्शमेलो, म्हणजे साखरेची फुगीर मऊ गोळी, टोचायचा, तो नुसता शेकायचा नाही, मुद्दाम पेटू द्यायचा, काळाकुट्ट झाला की फुंकून दोन बिस्किटांत चॉकलेटच्या वडीबरोबर दाबायचा. सगळ्यांची बोटं चिकट, ओठ काळे. त्या वर्षी ते खाऊन झालं आणि तळ्यावर धुकं उतरलं. धाकटी तंबूत झोपली. मुलाला शेकोटीपाशी राखण बसवून नवराबायको छावणीच्या कचेरीत गेले, सकाळचा रस्ता उघडा असेल का ते विचारायला. तेवढ्यात हे पोरगं होडी घेऊन एक चक्कर मारायला गेलं. शेकोटी दिसतेय तोवर परत येता येईल, असा त्याचा हिशेब असणार. शेकोटी विझली.

"आम्ही परत आलो तर काळोख," आजी म्हणाल्या. "हे पुन्हा पेटवायला गेले, पेटेचना. ओली लाकडं आणली होती ह्यांनी. मी हजारदा सांगितलं होतं, काठावरची उचलू नका. होडी सकाळी मिळाली. तो दोन दिवसांनी."

मी वाकून सिलिंडरची साखळी उगाच तपासली.

"त्यानंतर मी ह्यांच्याशी बोलले नाही," आजी म्हणाल्या. "बावीस वर्षं. ते जाईपर्यंत."

"एकाच घरात राहून?"

"ठमी होती ना मधे. ती सांगायची इकडचं तिकडे."

ठमी म्हणजे दातवाली. दहा वर्षांच्या पोरीला या दोघांनी टपाल करून टाकलं होतं. बाबा, आई म्हणते ताट वाढलंय. आई, बाबा म्हणतात भूक नाही. मला आजींचा इतका राग आला की मी पाना दोन वेळा पाडला. वडिलांचा फोटो समोरच्या खोलीत नव्हता, लेकीच्या खोलीत कपाटावर होता, तेही आत्ता लक्षात आलं.

पुढच्या महिन्यात आजींचं खाणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. चार दिवस नुसत्या दुधावर काढल्यावर आजी एवढंच बोलल्या, "तो करायचा ते हवंय."

दातवालीने मला जिन्यात गाठलं. "अहो सिलिंडरवाले, घराबाहेर अंगणात शेकोटी केली तर?"

"नळी धरून आईंना आगीपाशी नेणार? आगीतून फुफाट्यात काय, थेट आगीतच जाल."

"आणि स्वयंपाकघरात छोटी ज्योत? कामावरची?"

"नाव काढू नका!" मी असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं. ती घाबरली नाही. खाली मान घालून विचार करत राहिली. मला वाईट वाटलं, म्हणून म्हटलं, "विजेची भट्टी चालेल. दार बंद, आई दुसऱ्या टोकाला. केकबिक करा की त्याचाच."

मी बोलून गेलो आणि तिने ते कवळीसारखं मनावर घेतलं. दर तिसऱ्या दिवशी मी जाई तेव्हा ताटलीत नवा कपकेक असे आणि शेजारी वही. बिस्किटांचा चुरा इतके ग्रॅम, लोणी इतकं, कोको, अंडी, मिनिटं. पहिला प्रयोग साधाच होता. चॉकलेटचा केक, वर भट्टीत वितळवलेला मार्शमेलो. आजींनी घास घेतला, ओढला, आणि वरची कवळी मार्शमेलोला चिकटून बाहेर आली. आजी बोळक्या तोंडाने इतक्या हसल्या की मला नळीकडे धावावं लागलं. त्या घरात मी हसणं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दातवाली मात्र हसली नाही. वहीत लिहिलं: चिकटतो.

मग तिने मार्शमेलो सोडला आणि अंड्याचा पांढरा भाग साखरेच्या गरम पाकात घुसळून त्याचा मऊ फेस केला. दाताला चिकटेना. पण आजी म्हणाल्या, "साबण." तिसऱ्या वेळी खालचा बिस्किटांचा थर भिजून लगदा झाला. मग तिने तो थर आधी एकटाच सात मिनिटं भाजून घेतला आणि त्यावर केकचं पीठ ओतलं. तो थर कुरकुरीत झाला. मी दोन खाल्ले. आजींनी एक घास खाऊन ताटली सरकवली. "चांगलं आहे. पण ह्यात धूर नाही."

"धूर कुठून आणू?" दातवाली मला म्हणाली. तिचे डोळे खोल गेले होते. "रात्रभर तेच डोक्यात. डोळे मिटले की वास येतो. धुराचा नाही, ओल्या राखेचा. आईला धूर हवाय आणि मला राख येते."

"एवढा जीव का काढताय? दुसरं काहीतरी खातील."

तिने पहिल्यांदा माझ्या दातांऐवजी डोळ्यांकडे बघितलं. "मला आईला एक गोष्ट सांगायचीय. बेचाळीस वर्षं राहून गेलीय. हे जमलं की सांगेन, असं ठरवलंय. आणि आईकडे दिवस फार नाहीत, ते तुम्हाला काट्यावरून कळतंच."

कळत होतंच.

शेवटी तिने साखर भांड्यात जाळली. तांबूस होईपर्यंत नाही, पार काळी, कडू होईपर्यंत, आणि ती केकच्या पिठात घातली. केक घरी भाजले, डबा कामावर नेला, आणि कवळीचं मेण वितळवायच्या ज्योतीने वरचा फेस तिथे जाळला. चहूबाजूंनी प्लास्टरचे जबडे, मधे बारा कपकेक, आणि बाकीचे तिघे कारागीर काम टाकून बघतायत. फेस तांबूस झाला तेव्हा मालक म्हणाला, बस. ती थांबली नाही. पेटू दिला. काळा झाल्यावर फुंकला.

मला तिने फोन करून बोलावलं. माझा वार नव्हता. "तुम्ही जवळ थांबा," म्हणाली. "आईला दम लागला तर." मला वाटलं, केकचा ठसका लागेल म्हणून.

आजींनी वरची काळी साल बोटाने उचलून तोंडात टाकली. मग खालचा मऊ भाग, मग केक. डोळे मिटले. बराच वेळ चावत राहिल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "कोळसाच करायचा मेला प्रत्येक वेळी." आणि दुसरा घास घेतला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या खात होत्या.

दातवाली खुर्चीपुढे जमिनीवर बसली. "आई, ती लाकडं ओली नव्हती."

आजींचं चावणं थांबलं. "कुठली लाकडं?"

"त्या दिवशीची. बाबांनी आणलेली. कोरडी होती. शेकोटी मी विझवली."

मी भिंतीला टेकलो. ती एकसुरात सांगत गेली, पाठ केल्यासारखं. तंबूत जाग आली. दादाचं पांघरूण गोळा झालेलं दिसलं, तिला वाटलं तो आत झोपलाय. बाहेर आली तर शेकोटी जळतेय आणि जवळ कुणी नाही. बाबांचा नियम होता, राखणीला कुणी नसेल तर आग सोडायची नाही, विझवायची. तीन बादल्या. तिने तिन्ही नीट ओतल्या. मोठा 'छस्स' झाला. मग आत जाऊन झोपली. बाबा सकाळी शाबासकी देतील असं तिला वाटलं होतं.

"जागी झाले तर तू ओरडत होतीस," ती म्हणाली. "ओली लाकडं आणलीत, ओली लाकडं आणलीत. बाबा म्हणाले, असतील ओली. मला कुणी विचारलंच नाही. आणि मग रोज वाटायचं, उद्या सांगू. तुझे निरोप बाबांकडे नेताना वाटायचं. बाबा गेले त्या दिवशी वाटलं."

आजींचा श्वास वर चढला. मी प्रवाह वाढवला, डॉक्टरांनी सांगितलेल्या हद्दीपर्यंत. पाच मिनिटांनी तो खाली आला. मग आजींनी दोन्ही कवळ्या काढल्या आणि ताटलीत, अर्ध्या केकशेजारी ठेवल्या.

"त्यांचा फोटो आण," त्या म्हणाल्या. लेकीने आणून मांडीवर ठेवला. "आता बाहेर जा."

त्या दिवसापासून आजी लेकीशी बोलल्या नाहीत.

नवऱ्याशी बोलत होत्या. सकाळपासून अंधार पडेपर्यंत, दार लावून. मी जिन्यातूनच ऐकायचो. दात नसलेल्या तोंडाचं ते बोलणं, मधेच हसू, मधेच शिवी, मधेच कुणी उत्तर देतंय अशी शांतता, आणि मग "हो, ते खरंच" असं काहीतरी. तीन दिवस पुरणारा सिलिंडर दोन दिवसांत रिकामा होऊ लागला. बोलायलाही हवा लागते. त्यांनी बावीस वर्षांची थकबाकी आपल्या उरलेल्या श्वासांतून फेडायला काढली होती. धुराचं विचारणंही थांबलं होतं.

दातवाली बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसायची. कवळी धुऊन, पुसून, वाटीत ठेवून रोज दुधाबरोबर आत नेऊन ठेवायची, ती तशीच परत आणावी लागायची. "मला हेच मिळायला हवं," ती म्हणायची. वाळून काटकी झाली होती.

एकोणिसाव्या दिवशी मी नळी बदलत होतो, तर आजी म्हणाल्या, "बाहेर तिला सांगा, दूध फार गरम असतं."

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षांत मी कुठल्या आजाऱ्यावर आवाज चढवला नव्हता. घरच्यांवर चढवतो, आजाऱ्यावर नाही. पण त्या दिवशी सुटला.

"मी सिलिंडर पोचवतो," मी म्हटलं. "निरोप पोचवत नाही. तुम्ही एकाशी बावीस वर्षं बोलला नाहीत आणि आता फोटोला गोष्टी सांगताय. हिचाही फोटो व्हायची वाट बघताय का? या वेळी आधी तुम्हीच जाणार आजी, तेवढी वर्षं नाहीत तुमच्यापाशी. काटा मला दिसतो."

वाटलं, तक्रार जाणार, नोकरी जाणार. आजी म्हणाल्या, "बोलवा तिला."

"नाही. तुम्ही हाक मारा."

आजींनी फोटो पलंगावर ठेवला. दोनदा श्वास घेतला. "ठमे," त्यांनी हाक मारली. आवाज दारापर्यंतही गेला नसता, पण ती तिकडे कान लावूनच बसली होती. दार उघडून आली आणि उंबऱ्यात थबकली. बावन्न वर्षांची बाई, पण उभी अशी, जणू बादली अजून हातात आहे.

आजींनी तिला जवळ बोलावून खाली बसवलं. तिच्या नखांतलं प्लास्टर आपल्या नखाने खरवडायला लागल्या.

"दहा वर्षांची होतीस तू," त्या म्हणाल्या. "दहा."

दातवालीने मान हलवली.

"मी अडतीसची होते. दोन दिवस त्याच शेकोटीपाशी बसून होते मी, तो मिळेपर्यंत. ओलं लाकूड अर्धं जळून राहतं, धुमसतं. तिथे लाकडं पार जळलेली होती आणि राखेचा, पाणी ओतल्यावर होतो तसा, चिखल झाला होता. माझ्या पायाशी होता तो. मी हात लावला नाही." आजींना धाप लागली, तरी थांबल्या नाहीत. "कळत होतं गं. पण मग मी रागवायचं कुणावर? ते समोर होते."

सिलिंडर अजून अर्धा होता. मी प्रवाह थोडा वाढवला, कारण त्यांचं बोलून झालं नव्हतं, आणि दार ओढून घेऊन बाहेर स्टुलावर जाऊन बसलो.